सोयरसुतक : आपल्या सिनेमात मरतं कोण आणि सुतक कुणाला?

(भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तिथे वाक्य थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हा भाग रेकॉर्ड करायला मला तीन आठवडे लागले. दोनदा माइक लावला आणि दोनदा काढून ठेवला. विषय सिनेमाचा आहे, इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या घरातून होते, आणि घरातलं बोलताना जीभ जड होते. नावं घेणार नाही, एकदोन खुणा मुद्दाम बदलल्यात. आमच्या गावातलं कुणी ऐकत असेल तर त्याने अंदाज बांधत बसू नये, एवढीच विनंती.

मी अंबाडीचा. भिवंडी तालुक्यात, भिवंडी–वाडा रस्त्यावर. वज्रेश्वरीला गेला असाल तर अंबाडी नाक्यावरून वळला असाल आणि तिथे चहाही प्यायला असाल. २००९ सालचा पावसाळा. मी बारा वर्षांचा. माझा धाकटा काका कावीळ होऊन गेला. चौतिशीतला, बिनलग्नाचा, नाक्यावर त्याचं मोटार रिवायंडिंगचं छोटं दुकान. दहाव्याला तानसा नदीवर गेलो. नदी गढूळ, दुथडी. न्हावी दगडावर बसलेला आणि भावकीतले पुरुष एकेक करून त्याच्यापुढे. माझंही टक्कल झालं. नंतर शाळेत पोरांनी टपल्या मारल्या म्हणून ते पक्कं लक्षात आहे.

पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे तो ताण. सगळे लांब सरकून उभे राहतात आणि मेलेल्या माणसाला वचनं देत सुटतात. तुझ्या आईला सांभाळू. दुकानाचं कर्ज आम्ही फेडू. वडील बोलले, मोठे काका बोलले, आत्या रडत रडत बोलली. कावळे झाडावर बसून होते, खाली येत नव्हते. तासाभराने भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि आम्ही घरी आलो.

या सगळ्या वेळात मागे, रस्त्याच्या कडेला, एक माणूस उभा होता. मी त्याला टेम्पोवाले काका म्हणायचो. भिवंडीच्या गोडाउनमधून सुताचे गठ्ठे वाहणारा टेम्पो तो चालवायचा. काकाचा दोस्त. रोज संध्याकाळी दुकानासमोर त्याचा टेम्पो उभा असायचा. चैत्रात वज्रेश्वरीच्या जत्रेला दोघं मिळून मला न्यायचे. त्या दिवशी तो नदीपर्यंत उतरला नाही. कुणी त्याला 'ये' म्हटलं नाही, आणि 'जा' असंही कुणी म्हटलं नाही.

साधारण आठवड्याने मी नाक्यावर बिस्किटं आणायला गेलो तेव्हा तो दिसला. डोक्यावर टोपी. टोपी काढून त्याने घाम पुसला तर डोक्याचा गोटा. माझ्या डोक्यावर जेवढे खुंट आले होते, तेवढेच त्याच्या. मला वाटलं, अरे, यांच्याकडे कोण गेलं? घरी येऊन आजीला विचारलं. आजी पीठ मळत होती. म्हणाली, "असंल काही. उन्हाचं काढलं असतील." ऑगस्ट महिना होता, मंडळी. बाहेर धो धो पाऊस.

आता सिनेमाकडे येतो.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, सोयरसुतक. सोयर जन्माचं, सुतक मरणाचं. पण आपण तो वापरतो कसा? "त्याला काही सोयरसुतक नाही." म्हणजे त्याचा काही संबंध नाही, त्याला काही पडलेली नाही. विचार करा, भाषेने काय केलंय. ज्याला सुतक लागत नाही, त्याला दुःखही नसणार असं गृहीतच धरून टाकलंय. सुतकाचा हिशेब पक्का असतो. डोंबिवलीतला चुलत चुलत भाऊ, ज्याने काकाला जन्मात दोनदा पाहिलं असेल, त्याला दहा दिवस. लग्न झालेल्या मुलीला आईबापांचं तीन दिवस. आणि दोस्ताला? मसणातून आल्यावर आंघोळ. झालं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, बीटेक. आणि सांगायला लाज वाटते, पण असाच एक हिशेब मी स्वतः कोडमध्ये लिहिलाय. एका कंपनीसाठी रजेचं मॉड्यूल बनवत होतो. घरात मृत्यू झाला तर किती दिवस रजा, त्याचा ड्रॉपडाउन. आई, वडील, नवरा किंवा बायको, मूल, भाऊ, बहीण, सासू, सासरे. यादी एक्सेलमध्ये एचआरकडून आली, मी डेटाबेसमध्ये टाकली, टेस्ट केलं, घरी गेलो. 'इतर' असा पर्याय ठेवायचा का, असा प्रश्न मला पडलाच नाही.

तर आज मराठी माणसांच्या गोष्टींमधून एवढंच शोधायचं आहे. दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं प्रेम जेव्हा जेव्हा आपल्या रंगमंचावर किंवा पडद्यावर आलं, तेव्हा त्यात मेलं कोण? आणि त्याच्यासाठी रडायचा हक्क कुणाला मिळाला?

सुरुवात नाटकापासून करावी लागते, कारण सिनेमाच्या आधी नाटक पोचलं. १९८१, विजय तेंडुलकर, 'मित्राची गोष्ट'. मित्रा म्हणजे सुमित्रा, कॉलेजात शिकणारी मुलगी, जिचं प्रेम दुसऱ्या मुलीवर आहे. रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली. १९८१ मध्ये! तेव्हा माझ्या वडिलांनी शाळेची पायरी नीट ओलांडली नव्हती. नाटक धीट आहे, यात वाद नाही. पण गोष्ट सांगतो कोण? बापू नावाचा मुलगा, जो मित्रावर जीव लावून बसलेला आहे. मित्रा शेवटी जीव देते आणि बापू आपल्याला तिची आठवण सांगतो. नाटकाचं नावच बघा, ती मित्राची गोष्ट आहे, पण ती सांगायला मित्रा उरलेली नाही. जिच्यावर तिचं प्रेम होतं ती मुलगीही आपल्याशी बोलत नाही. आठवण ठेवायचं काम तिसऱ्याकडे जातं.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, जब्बार पटेलांचा 'उंबरठा'. शांता निसळांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा. स्मिता पाटील महिला सुधारगृहाची अधीक्षक. तिथल्या दोन बायकांचं नातं गोष्टीत येतं, ते संस्थेपुढचा एक प्रश्न म्हणून. इतर अनेक प्रश्नांतला एक. मी 'उंबरठा' फार मानतो, पण त्या दोघींपाशी कॅमेरा थांबत नाही.

आणि मग १९८८, 'अशी ही बनवाबनवी'. हसू नका. म्हणजे हसा, मीही हसतो, आख्खा सिनेमा मला पाठ आहे. साडी नेसलेला पुरुष, नवरा-बायकोचं सोंग घेतलेले दोन मित्र, सगळं भाड्याच्या खोलीपायी. या सिनेमावर माझा राग नाही. पण अंबाडीतल्या माणसापर्यंत दोन पुरुषांनी एका घरात संसार करायची जी एकमेव कल्पना टीव्हीतून पोचली ती ही होती, सोंगाची. 'मित्राची गोष्ट' आमच्या नाक्यापर्यंत कधी आलीच नाही. बनवाबनवी दर दोन महिन्यांनी यायची.

आता जरा गोव्याला जाऊ. कारण पुढची गोष्ट तिथली आहे, आणि ती आधी खरोखर घडली, मग तिचा सिनेमा झाला. डॉमनिक डिसोझा नावाचा तरुण रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेलं आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात एकट्याला डांबलं. चौसष्ट दिवस. गुन्हा काही नाही. त्याच्या सुटकेसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात कोण गेलं? त्याची आई. खटल्याचं नाव आजही कायद्याच्या पुस्तकांत आहे, लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य. कोर्टाने तो कायदा उचलून धरला. डॉमनिक नंतर एचआयव्ही असलेल्या लोकांसाठी काम करत राहिला आणि १९९२ मध्ये गेला.

२००५ मध्ये ओनीरने याच गोष्टीवरून प्रेरणा घेऊन 'माय ब्रदर निखिल' काढला. संजय सुरी निखिल, जुही चावला त्याची बहीण, पूरब कोहली त्याचा जोडीदार नायजेल. सिनेमाची रचना नीट बघा. निखिल गेलेला आहे, आणि मागे राहिलेली माणसं एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसून त्याच्याबद्दल बोलतात. आई, वडील, बहीण. आणि त्याच रांगेत नायजेलही. मला वाटतं इथे पहिल्यांदा काहीतरी हललं. पुन्हा मेला तो समलिंगी माणूसच, पण त्याचा जोडीदार घरच्यांच्या शेजारी, त्यांच्याइतक्याच हक्काने, दुःख सांगायला बसला. नाव बघा मात्र. माझा भाऊ निखिल. गोष्टीत शिरायचं दार अजून रक्ताच्या नात्याचंच होतं.

मधला एक टप्पा राहिला. १९९८. दीपा मेहतांचा 'फायर', दोन जावांची गोष्ट. २ डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमागृहात शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड केली आणि शो बंद पाडला. यावर वेगळा भाग होईल. आजच्यापुरतं एवढंच की त्यानंतर मराठी निर्माता या विषयाकडे कोणत्या नजरेने बघत असेल ते तुम्हीच ठरवा.

तरी २००६ साल विलक्षण आहे. त्या एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. अमोल पालेकरांनी 'थांग' केला. मराठीत 'थांग', इंग्रजीत 'क्वेस्ट', दोन्ही भाषांत चित्रित. आपल्या नवऱ्याचं त्याच्या मित्राशी नातं आहे हे बायकोला कळतं, तिथून पुढची गोष्ट. मृणाल कुलकर्णी त्यात बायको. सिनेमा तिच्या बाजूने चालतो आणि ते मला पटतंही, कारण अशा लग्नात तिचं आयुष्यही गेलेलं असतं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो इंग्रजी आवृत्तीला, सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपट म्हणून.

दुसरी गोष्ट, सचिन कुंडलकरांची कादंबरी 'कोबाल्ट ब्लू'. मौजेने काढली. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, आणि मुलगी अनुजाही त्याच्याच. पेइंग गेस्टला नाव नाही. कादंबरी सुरू होते तेव्हा तो निघून गेलेला आहे. आधी तनय त्याला उद्देशून बोलतो, मग अनुजा तिच्या डायरीत लिहिते. अनुजा त्याच्याबरोबर पळून गेलेली असते, ती एकटी परत येते, आणि सगळं घर तिच्या दुःखाभोवती फिरायला लागतं. आईवडील चिडतात, रडतात, डॉक्टरकडे नेतात. तनयचंही तेच माणूस गेलंय, पण त्याच्या दुःखाला घरात जागा नाही, कारण ते कुणाला माहीतच नाही. एकच माणूस गेला, बहिणीला सुतक आहे आणि भावाला नाही. माझ्या या भागाचा सगळा मुद्दा कुंडलकरांनी मी नऊ वर्षांचा असतानाच लिहून ठेवला होता, हे मला उशिरा कळलं.

२०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याचा सिनेमा आला. हिंदी-इंग्रजीत. घर पुण्यातून कोचीला गेलं. फ्रेम देखण्या आहेत, तक्रार नाही. पण मी तो फोनवर बघत होतो आणि सारखं वाटत होतं, हे लोक मराठीत भांडले असते तर कसे भांडले असते? आई मराठीत काय म्हणाली असती?

भाषेवरून आठवलं. चेतन दातारांचं 'एक माधवबाग' ऐकलंय का तुम्ही? एका आईचं स्वगत. मुलाची डायरी तिच्या हाती लागते आणि तो समलिंगी आहे हे तिला कळतं. मोना आंबेगावकर त्याचे प्रयोग करत आल्यात. एक बाई, एक वही, बाकी काही नाही. आपल्याकडे या विषयाला सगळ्यात जास्त वाट आईनेच करून दिली. लुसी डिसोझाही आईच होती. बंगालकडे २०१० मध्ये 'मेमरीज इन मार्च' झाला, ऋतुपर्ण घोषांनी लिहिलेला, संजय नागांनी दिग्दर्शित केलेला. मुलगा अपघातात गेला म्हणून आई दिल्लीहून कोलकात्याला येते. दीप्ती नवल. आणि तिथे तिला मुलाच्या ऑफिसातला एक माणूस भेटतो, जो त्याचा मित्र नव्हता, जोडीदार होता. तो माणूस ऋतुपर्ण स्वतः झालेत. दोघं एकाच माणसासाठी रडतायत आणि आधी एकमेकांना सहन करू शकत नाहीत. मला हा सिनेमा संथ वाटला, खरं सांगतो, पण त्या दोघांना एका खोलीत बसवलं यासाठी शंभर गुन्हे माफ. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोणता? सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपट. आपलं हे दुःख इंग्रजीत सांगितलं की घशाखाली नीट उतरतं बहुतेक.

त्याच वर्षी, २०१० मध्ये, एक मराठी माणूस मराठीपासून फार लांब गेला. प्रा. रामचंद्र सिरस. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. कवी. 'पायाखालची हिरवळ' या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. फेब्रुवारीत कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, एका पुरुषाबरोबर त्यांचं चित्रीकरण केलं आणि विद्यापीठाने सिरसांनाच निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. हन्सल मेहतांचा 'अलीगढ' २०१६ मध्ये आला. मनोज वाजपेयींचे सिरस बघाच, हातात ग्लास घेऊन एकट्याने जुनी गाणी ऐकणारा तो माणूस. सिनेमात त्यांच्यासाठी हळहळतो तो एक तरुण पत्रकार. म्हणजे पुन्हा तिसराच माणूस. आणि त्या रात्री त्यांच्याबरोबर जो होता तो रिक्षावाला? त्याचं काय झालं? ही गोष्ट त्याची होत नाही. गरीब माणूस कुणाच्याच आठवणीचा भाग होत नाही.

टेम्पोवाले काका इथे मला आठवले. सिनेमा बघतानाच.

मध्ये कायदा किती हलला ते पटकन सांगतो, कारण परीक्षेला बसणारे ऐकत असतील. २ जुलै २००९, दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. म्हणजे आमचा काका गेला त्याच पावसाळ्यात. टीव्हीवर नक्की लागलं असणार, मला काही आठवत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा मोकळीक. ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा हक्क द्यायला कोर्टाने नकार दिला. आणि मग ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना एक पत्र पाठवलं, त्यातली एक गोष्ट आजच्या विषयाची आहे. जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. कधी? जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर आधी सगळे इफ तपासायचे, आणि सगळे फोल ठरले तर शेवटच्या एल्समध्ये तो माणूस. पण निदान एल्स तरी लिहिला कुणीतरी. मी तर तोही लिहिला नव्हता.

आता मूळ मुद्दा. 'साबर बोंडं'.

रोहन परशुराम कानवडे. मुंबईत एका खोलीच्या घरात वाढलेला, ड्रायव्हरचा मुलगा, सिनेमाचं शिक्षण नाही, इंटिरियर डिझाइन शिकलेला. २०१६ मध्ये त्याचे वडील गेले. दिवस घालायला गावी गेला, आणि त्या सुतकात नातेवाइकांनी लग्नाचा विषय काढून त्याचं डोकं खाल्लं. आपल्याकडे हे होतंच. घरात कुणी गेलं की वर्षाच्या आत पोराचं उरकून टाका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. राख थंड व्हायच्या आत बायोडेटा. त्या घुसमटीत त्याला वाटलं, इथे आपला एखादा मित्र असता तर? तिथून हा सिनेमा. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात गेला, तिथे पोचलेला पहिला मराठी सिनेमा, आणि परदेशी कथापटांसाठीचा सर्वात मोठा ज्युरी पुरस्कार घेऊन आला.

आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये. वडील जातात. आईबरोबर तो नगर जिल्ह्यातल्या गावी येतो, दहा दिवसांसाठी. चपला घालायच्या नाहीत, दोनच वेळा जेवायचं, असे सगळे नियम. तिथे बाळ्या भेटतो, लहानपणचा मित्र, शेती करणारा, शेळ्या राखणारा, त्याच्याही मागे लग्नाचा लकडा. भूषण मनोज आणि सूरज सुमन. आईच्या भूमिकेत जयश्री जगताप. आईला आनंदचं माहीत आहे. तिच्या तोंडी त्यासाठी कुठलाही शब्द नाही, पण माहीत आहे. पार्श्वसंगीत अजिबात नाही. पाखरं, भांडी, शेळ्या, बायकांचं कुजबुजणं. साबर बोंड म्हणजे निवडुंगाचं फळ. बाहेरून बारीक कुसळं, ती नीट काढली नाहीत तर ओठात शिरतात, आतून लालभडक आणि गोड.

मी हा सिनेमा २० सप्टेंबरला ठाण्यात पाहिला. प्रदर्शित झाल्याचा दुसरा दिवस, शनिवार. थिएटरमध्ये असतील वीस-पंचवीस जण. आणि मध्यंतरानंतर कधीतरी मला जे लक्षात आलं ते असं. इथे मेलाय तो बाप. मित्रापासून निखिलपर्यंत, सिरसांपर्यंत, ज्याने असं प्रेम केलं तो तरी मेला किंवा निघून तरी गेला, आणि बाकीचे त्याची आठवण काढत बसले. इथे प्रेम करणारे दोघंही जिवंत आहेत. सुतक आनंदलाच आहे, पूर्ण दहा दिवसांचं, अधिकृत. मुलगा म्हणून विधी करायला तोच लागतो. ज्या घराने त्याला लग्नासाठी कोपऱ्यात घेतलंय, त्या घराला त्याच्याशिवाय पाणी सोडता येत नाही. आणि बाळ्या येतो जातो, शेजारी बसतो, रडणाऱ्या मित्राला धरतो. दुःखातल्या माणसाच्या जवळ बसलेल्या मित्राला कुणी हटकत नाही. सुतकाच्या नियमांनीच त्या दोघांना जागा करून दिली. मला वाटतं हे पंचेचाळीस वर्षांत आधी कुणी केलं नव्हतं. शेवट सांगत नाही, बघा.

थिएटरमधून बाहेर आलो आणि मला भिवंडीची गाडी पकडायची होती. कारण दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, सर्वपित्री अमावास्या. हा सिनेमा पितृपक्षात लागला होता, हे वितरकांच्या डोक्यात होतं की नाही देव जाणे. रात्री अंबाडीला पोचलो. सकाळी आजी चुलीपाशी, आता तिच्याने उभं राहवत नाही, पाटावर बसून वडे थापत होती. खीर झाली होती, भोपळ्याची भाजी झाली होती. पानावर वाढून वडिलांनी ते पत्र्यावर ठेवलं आणि आत गेले.

मी आजीजवळ बसलो. सिनेमाचं नाव काढलं नाही. विचारलं, "आजी, काकाच्या वेळेला त्या टेम्पोवाल्यांनी टक्कल केलं होतं. तू म्हणालीस उन्हाचं."

तिने वडा तेलात सोडला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नदीवर त्याला बोलवायला पायजे होता. मला बायांना तिथं कुठं येऊ देतात. मी असते तर बोलवला असता. कावळा मग शिवला असता का काय, ते नाय ठाव." थोड्या वेळाने आणखी एक सांगितलं. काकाच्या दवाखान्याचं बिल निम्मं त्याने भरलं होतं. टेम्पो गहाण ठेवून. घरात कुणी ते पैसे परत केले नाहीत, कारण त्याने मागितले नाहीत.

आता तुम्हाला माझ्याकडून निकाल हवा असेल. ते दोघं जोडीदार होते का? मी सांगू शकत नाही. मेलेल्या माणसाच्या नावापुढे मी माझ्या पिढीचा शब्द चिकटवणार नाही. कदाचित नुसते दोस्त असतील, आणि दोस्ताचंही सुतक असतं हे त्या एका माणसाने स्वतःपुरतं ठरवलं असेल. पण माझ्या हातात दोन गोष्टी आहेत, भरलेलं बिल आणि खुंट आलेलं डोकं. इतिहासवाले यापेक्षा कमी पुराव्यावर राजांची मैत्री सिद्ध करतात.

तो नंतर वाड्याकडे राहायला गेला. लग्न झालं, दोन मुलं आहेत. टेम्पो आता मुलगा चालवतो, असं आजी म्हणाली. मी म्हटलं, मला नंबर दे कुणाकडून तरी, मी फोन करतो.

आजीने झारा कढईच्या काठावर आपटून तेल निथळलं आणि माझ्याकडे बघितलं. "काय विचारणार तू त्याला?"

मी काही बोललो नाही. तेवढ्यात पत्र्यावर पाय वाजले, आणि आम्ही दोघंही वर बघत बसलो.